पाय पुढे नकोत

आमच्या दैनिकाची नगर आवृत्ती बंद झाली तेव्हा उपसंपादकांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. पुण्याला जाऊन कमी पगारात तेच काम करायचं, किंवा घरी बसायचं. त्याच सुमारास शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णवाहिका सेवेला मदतनीस हवे होते आणि प्रशिक्षणही तेच देणार होते. ती जाहिरात शेवटच्या अंकात माझ्याच पानावर लागली होती. तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, पान छपाईला सोडलं आणि अर्ज केला.

मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी माझं वय वाचून चष्मा काढला. चाळिशी उलटलेला उमेदवार त्यांना अपेक्षित नव्हता.

"वजन उचलायची सवय आहे का?"

"पेपरचे गठ्ठे उचललेत."

"गठ्ठा ओरडत नाही," ते म्हणाले. "आणि त्याच्याबरोबर नातेवाईक नसतात. पण बघू."

प्रशिक्षणाचा वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. ट्रस्टच्या एका विश्वस्ताचंच ते कार्यालय होतं. त्यामुळे आमचं वेळापत्रक लग्नाच्या तिथींवर ठरायचं. दाट तिथी असली की वर्गाला सुट्टी, आणि एखादीच असली की खाली जिलेबी तळली जात असताना वर आम्ही रबरी पुतळ्याची छाती दाबत असू. पुतळा कमरेपर्यंतच होता. पूर्ण पुतळा महाग पडतो असं सांगण्यात आलं.

शिकवणाऱ्या मॅडम राहात्याच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, अंगाने किरकोळ, आवाज मात्र बाजार समितीतल्या लिलावाचा. त्या मला 'सर' म्हणत. वर्गातल्या उनाड मुलाला मास्तर 'या, साहेब' म्हणतात, त्या सुरात. वर्ग संपल्यावर त्यांच्याच गाडीवर माझी नेमणूक झाली. 'सर'ही पुढे तसंच चालू राहिलं.

जुन्या नोकरीची सवय लवकर जात नाही. वर्तमानपत्रात 'कथित' लावल्याशिवाय कुणावर काही आरोप छापत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी पेशंटच्या कागदावर 'छातीत कथित वेदना' असं लिहिलं. मॅडमनी तो शब्द खोडला आणि मला त्या पेशंटच्या समोर उभं केलं. "ह्यांना विचारा, कथित आहे का."

हॉस्पिटलला फोनवर आगाऊ कल्पना द्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सुरुवात केली, "शहराच्या मध्यवर्ती भागात राहणारे एक ज्येष्ठ नागरिक आज सकाळी आपल्या राहत्या घरी..." मॅडमनी फोन काढून घेतला. "न्हाणीत पडलेत. मांडी मोडलीय. शुद्धीत आहेत. येतोय." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सर, तुमची बातमी संपेपर्यंत पेशंट संपेल."

रुग्णवाहिकेच्या चालकाला या धंद्यात पायलट म्हणतात. आमचा पायलट बेलापूरचा. पूर्वी कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. रुग्णवाहिका चालवतानाही तो मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्यासारखा लांबून वळण घेई, आणि मग मागे काही जोडलेलं नाही हे आठवलं की शिवी हासडून सरळ होई. मी उपसंपादक होतो, हे मी त्याला अनेकदा सांगितलं. त्याने मला 'संपादक' केलं ते केलंच. पेपरमध्ये जी बढती मिळाली नाही ती गाडीत मिळाली.

सायरन ऐकून लोक बाजूला होतात, हे पुस्तकात लिहिलं आहे. नगरमध्ये लोक आधी खिडकीतून आत बघतात. आत कोण आहे, कुणाचं कोण लागतं, कुठे नेताय, हे कळलं की वाट मिळते. पत्त्याचंही तसंच. "या तुम्ही, मी बाहेर उभाच हाय," असं सांगणारा माणूस बाहेर कधीही उभा नसतो. तो घरात आपला दुसरा शर्ट शोधत असतो.

जिन्याचा नियम मात्र पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता. पेशंटला खाली उतरवताना पाय पुढे, डोकं मागे. म्हणजे डोकं वर राहतं. डोकं पुढे घेतलं तर ते खाली जातं आणि पाय वर होतात, आणि श्वासाच्या पेशंटला ते सोसत नाही. आम्ही वर्गातल्या सगळ्यात जाड मुलाला स्ट्रेचरला बांधून कार्यालयाच्या जिन्यावरून वर-खाली नेत असू. एकदा आम्ही उतरत असताना एक वऱ्हाड चढत होतं. समोरून पाय पुढे करून, पांढऱ्या चादरीत बांधलेला इसम येताना दिसला. नवरीच्या मामांनी अक्षता खाली टाकल्या आणि थेट विश्वस्तांना फोन लावला.

त्या दिवशी मॅडमनी पुस्तक मिटून पुस्तकाबाहेरचा धडा दिला. आपल्याकडे जिवंत माणसाला पाय पुढे करून घराबाहेर काढत नाहीत. तसं मढं काढतात. नातेवाईकांशी त्यावर वाद घालत बसलात तर पेशंट वाट बघत नाही. म्हणून आपल्या गाड्यांवर एक रीत आहे. उंबरा ओलांडताना डोकं पुढे काढायचं. घरच्यांचं समाधान होतं. मग दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत, जिन्याच्या तोंडाशी, स्ट्रेचर फिरवायचं आणि पाय पुढे करून उतरायचं. तोवर घरचे कुलूप शोधत असतात.

"उंबरा त्यांचा, जिना आपला," मॅडम म्हणाल्या. "हे लिहून घेऊ नका."

मी लिहून घेतलं नाही. रीत चालत होती. झेंडीगेटच्या मुस्लिम वस्तीत पायांची कुणाची तक्रार नसे, तिथे जनाजा खांद्यावरून जातो म्हणून फक्त स्ट्रेचर खांद्यावर घ्यायचं नाही एवढं सांभाळावं लागे. बाकी सावेडीपासून केडगावपर्यंत घरोघरी आम्ही उंबऱ्यावर एक आणि जिन्यावर दुसरं, असं बिनबोभाट करत होतो.

केडगावचा तो फोन एका दुपारी, जेवणाच्या वेळेआधी आला. एक म्हातारी बोलत होती. "वैनीला धाप लागलीया. तिसऱ्या मजल्याव या. लिफ्ट न्हाई, आन् ती काय उतरत न्हाई."

पुणे रस्त्यापासून आत, दुकानांच्या मागे जुनी इमारत होती. जिना इतका अरुंद की पायलट खालूनच वर बघून म्हणाला, "संपादक, ह्यो जिना न्हाई, बोरवेल हाय."

तिसऱ्या मजल्यावर दोन विधवा राहत होत्या. भावजय आणि नणंद. दोघी पाथर्डीकडच्या. एमआयडीसीतल्या कामगारांना आणि होस्टेलच्या मुलांना त्या जेवणाचे डबे पुरवत. भावजय म्हणजे पेशंट. अख्खी गल्ली तिला काकू म्हणायची. चांगलं थोराड अंग, फुलाफुलांचा गाऊन, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पिठाच्या उपड्या पिंपावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. अंग घामाने निथळत होतं. श्वास आत जाताना पाण्यात नळी बुडवून फुंकल्यासारखा आवाज येत होता. नणंद तिच्यापेक्षा वयाने मोठी आणि निम्म्या वजनाची, एका गुडघ्याला पट्टा, हातात लाटणं. गॅसवर आमटी उकळत होती आणि पोळी लाटणं चालूच होतं.

"काकू, कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"रातच्याला... पासनं."

"गोळ्या घेताय ना? लघवी होण्याची गोळी?"

काकूने मान हलवली. नाही. चार-पाच दिवस घेतलेली नव्हती.

"का?"

"पोळ्या... लाटू... का... मोरीत... पळू?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. श्वासाच्या पेशंटची अवस्था यंत्राआधी त्याच्या बोलण्यावरून कळते. एका दमात पूर्ण वाक्य बोलतो तोवर ठीक. एकेक शब्दावर आला की घाई. गप्प झाला की उशीर. काकू एकेक शब्दावर होती. मी जुन्या सवयीने शब्द मोजलेच.

हृदय थकलं की फुफ्फुसांत पाणी साचतं. असा माणूस बसला तर श्वास घेतो आणि आडवा केला तर बुडतो, कोरड्या घरात, गादीवर. मॅडमनी ऑक्सिजन लावला, जिभेखाली गोळी दिली, डॉक्टरांशी फोनवर बोलून शिरेतून इंजेक्शन दिलं. पण तिला खरी गरज होती ती गाडीतल्या मशीनची. ते दाबाने हवा आत ढकलतं. ते वर आणण्यासारखं नव्हतं. म्हणजे काकूला बसलेल्या स्थितीत तीन मजले खाली न्यायचं होतं, आणि लवकर.

अशा वेळी आम्ही घडीची खुर्ची वापरतो. तिला मागे आणि पायांपाशी उचलायच्या मुठी असतात आणि पोटावर बांधायचा पट्टा असतो. पट्टा काकूच्या निम्म्यातच संपला.

"आजी, एखादं लुगडं द्या बांधायला," पायलट म्हणाला.

नणंदेने कपाट उघडलं.

"नवं... नको," काकू म्हणाली.

"मरताना बी हिशेब सोडायची न्हाई," नणंद म्हणाली आणि दोरीवरचं जुनं काढून दिलं. मग लाटणं घेऊनच दारात उभी राहिली. "पाय पुढं न्हाई न्यायचे."

इथे गप्प बसून रीतीप्रमाणे काम करायचं होतं. मॅडम इंजेक्शनची जागा चिकटवत होत्या, पायलट गाठी मारत होता, मी मोकळा होतो. मी विचारलं, "का बरं, आजी?"

तिने सांगितलं. तिचा भाऊ, म्हणजे काकूचा नवरा, याच घरातून असाच नेला होता. छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी उचलून पाय पुढे करून जिन्याने नेला. "जिता हुता. माझ्याशी बोल्ला. पानी दे म्हनला. ह्याच दारातनं पाय पुढं करून न्हेला आन् परत आला न्हाई. आता हिला बी तसंच न्ह्या, म्हंजी मी एकली मोकळी."

बातमीदार दुसरी बाजू ऐकून घेतो. ऐकल्यावर तिचा मान राखतो. मी म्हणालो, "नाही नेणार, आजी. शब्द देतो."

उपसंपादक होण्याआधी बातमीदारीत मी माहिती देणाऱ्यांना असे बरेच शब्द दिले होते आणि ते पाळलेही होते. त्यांतल्या कुणाला खुर्चीत बांधून तीन मजले उतरवायचं नव्हतं.

मॅडमनी ऐकलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला विचारून दिला शब्द?"

"त्यांची बाजू..."

"सर, इथं दोन बाजू नसतात. दोन टोकं असतात. एक डोकं, एक पाय. उचला."

उंबरा रीतीप्रमाणे पार पडला. खुर्ची उलटी, पाठ पुढे. पायलट पाठीकडून धरून मागे-मागे सरकत बाहेर, मी पायांकडून आतल्या बाजूला. बाहेर येऊन खुर्ची फिरवायची होती. ती फिरली नाही. दाराबाहेरच्या जागेत कांद्याच्या गोण्या, भरलेले सिलिंडर आणि डब्यांचे क्रेट रचलेले होते. तीन हातांच्या जागेत माणूस बाजूला होईल, खुर्ची होणार नाही. गोण्या हलवायच्या तर त्या घरात न्यायला हव्या होत्या आणि दारात आम्हीच होतो.

"तसंच उतरा," मॅडम म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर फिरवू."

आम्ही उलटे उतरू लागलो. पायलट खाली, जिन्याकडे पाठ, पायाने पायरी चाचपत. मी वर, काकूचे पाय माझ्या पोटाशी. मॅडम ऑक्सिजनची नळकांडी घेऊन भिंतीला चिकटून. माझ्या मागे नणंद, लाटणं अजून हातात. खुर्ची कितीही सपाट धरली तरी पायरीगणिक काकूची पाठ खाली जायची आणि पाय वर यायचे. म्हणजे जे होऊ नये म्हणून नियम केला होता तेच आम्ही पायरी-पायरीने करत होतो.

काकूचं तोंड वर, नणंदेकडे होतं. मध्ये मी होतो. त्यामुळे पुढचं सगळं संभाषण माझ्या कानांवरून गेलं.

"आमटी..." काकू म्हणाली.

"बगते की."

"गॅस..."

"बारीक केलाय. तू गप ऱ्हा. डॉक्टरीनबाई, तिला बोलू नगा म्हनावं."

"बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

"तिसरा... डबा... बिनमिरचीचा..."

"म्हाईत हाय! तीस वरीस झालं, तिसरा डबा बिनमिरचीचा. मला का शिकवती?"

"परवा... तिखट... धाडला."

"त्यो तू भरला व्हता!"

"तुमी... वन्सं... तुमी."

पायलट खालून म्हणाला, "मावश्यांनो, डब्याचं नंतर बघा. हितं माझं कंबरडं चाललंय."

"तुला कोन म्हनलं गाडी चालवायला?" नणंद म्हणाली. "जिना उतरता येत न्हाई आन् म्हनं पायलट."

दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी मोठा कूलर ठेवला होता. तिथेही खुर्ची फिरली नाही. आम्ही आणखी एक जिना उलटेच उतरलो. पहिल्या मजल्यावर मात्र चपलांचं एक कपाट सोडलं तर जागा मोकळी होती. खुर्ची टेकली. 

"फिरवा," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई," नणंद वरच्या पायरीवरून म्हणाली. "खालचं गेट बी उंबराच हाय. ह्या साहेबांनी शब्द दिलाय."

"आजी, डोकं खाली जातंय त्यांचं. पाणी वर चढतंय."

"शब्द दिलाय का न्हाई? सांगा की वो!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायलटने नजर हटवली आणि भिंतीवरची वीज मीटरची पेटी वाचू लागला. मी म्हणालो, "दिलाय, पण आजी..."

"पन नगा सांगू. माझ्या भावाला बी 'पन' म्हनूनच न्हेला. आन् ही? हिला काय! ही तर वाटच बघती, मी कवा एकली पडते आन् कवा आमटी जाळते त्याची. न्हाई का गं?"

काकू काही बोलली नाही.

"आता का गप? आं? बोल की."

मॅडम खाली वाकल्या होत्या. काकूचे ओठ जांभळे पडले होते आणि मास्कच्या आत गुलाबी फेस आला होता. पण तो दिसण्याआधीच नणंदेला कळलं होतं. तिचा आवाज एकदम उतरला.

"वैनी उत्तर द्येत न्हाई," ती म्हणाली. "वैनी कवा गप बसत न्हाई."

तिने लाटणं पायरीवर ठेवलं.

"फिरवा," ती म्हणाली. "फिरवा लौकर."

आम्ही खुर्ची फिरवली. आता पाय पुढे, जिन्याकडे. पायलटने पायांकडची बाजू धरली, मी पाठीकडची. उचलणार तोच नणंद भिंतीला घासत आमच्यामधून खाली शिरली. पायलटच्या काखेखालून पुढे येऊन ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली, काकूकडे तोंड करून. पदर सोडला, काकूचे दोन्ही पाय त्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी धरले.

"आजी, बाजूला व्हा!" मॅडम ओरडल्या.

"पुढं मी हाय," ती म्हणाली. "पाय पुढं न्हाईत. पुढं मी हाय. चला आता."

वाद घालायला कुणाकडे वेळ नव्हता. तो शेवटचा जिना आम्ही असे उतरलो: सगळ्यात पुढे पट्ट्याच्या गुडघ्याची म्हातारी, मागे-मागे, एकेक पायरी पायाने शोधत, भावजयीचे पाय छातीशी धरून. मग भिंतीला अंग लावून, तिरका होऊन पायांकडच्या मुठी पेलणारा पायलट. मग काकू, मान मागे टाकलेली. मग मी, आणि बाजूला नळकांडी घेतलेल्या मॅडम. पायलट दर पायरीला सांगत होता, "आजी, पायरी. आजी, अजून एक. आजी, पडलात तर सगळेच पडू." तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गेटच्या लोखंडी पट्टीवरून आधी तिची टाच बाहेर पडली. मग बाकीचे.

गल्ली जमली होती. पोरं, दुकानदार, डब्याची वाट बघणारे दोन होस्टेलवाले. कुणीतरी विचारलं, "कुठं नेताय?" आणि नणंदेने त्याला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

गाडीत मॅडमनी मशीनचा घट्ट मास्क काकूच्या तोंडावर बसवला आणि हवेचा दाब वाढवला. शिरेतून दुसरं इंजेक्शन गेलं. मी काकूला पाठीमागून ताठ धरून ठेवलं होतं. मशीन फुसफुसत होतं. नणंद पायांपाशी, खाली गाडीच्या फरशीवर बसली होती. पदर अजून पायांभोवतीच होता.

"आजी, सीटवर बसा. सोडा आता पाय."

"गाडीला बी दार हाय," ती म्हणाली.

 मॅडमची नजर काकूच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्रावर होती. आकडा बराच वेळ हलला नाही. मग एक घर वर चढला आणि तिथेच थांबला. पायलटने पुणे रस्त्यावर गाडी घातली आणि भोंगा लावला. एका चौकात एक मोटारसायकलवाला आत डोकावण्यासाठी शेजारी आला. पायलटने खिडकीतून हात काढून त्याच्या मागच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला.

शहरात शिरता शिरता आकडा नव्वदच्या जवळ आला. काकूने डोळे उघडले. मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. मॅडमनी कान जवळ नेला.

"आमटी म्हणतायत."

"जळाली आसंल," नणंद खालून म्हणाली. "गप मर आता."

"आजी!" मॅडम म्हणाल्या.

"बरं. गप जग."

हॉस्पिटलच्या दारात आम्हाला स्ट्रेचर घेऊन माणसं भेटली. त्यांनी त्यांच्या पद्धतीने, विचार न करता, काकूला पाय पुढे करून आत नेलं. नणंद त्यांच्या पुढे पळत होती, गुडघ्याच्या पट्ट्यासह, आणि ती कोण आहे, तिला मध्ये का येऊ दिलं, यावरून आतल्या सिस्टर चिडल्याचं आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

गाडी पुसताना पायलट म्हणाला, "संपादक, पुढच्या येळंला कुनाची बाजू ऐकायची न्हाई. ऐकायचीच आसंल तर तळमजल्याला ऐका."

 मॅडमनी खुर्चीचा तोकडा पट्टा सोडवला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. लांब पट्टा मिळेपर्यंत तो मीच सांभाळायचा, असा त्याचा अर्थ होता. तो बरेच महिने माझ्याकडे होता.

पुढच्या आठवड्यात एका पेशंटला त्याच हॉस्पिटलात सोडून आम्ही निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, वर जाऊन बघून या, तुमचा शब्द कसा आहे ते. मी वॉर्डात गेलो. काकू तीन उशांना टेकून बसली होती. नाकात बारीक नळी, अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा. नणंद शेजारच्या स्टुलावर मोसंबं सोलत होती. मला पाहून काकूने हात वर केला. आता ती वाक्यं पूर्ण करत होती. मोजायची गरज पडली नाही.

"हेच ते शब्द देनारे?" तिने नणंदेला विचारलं.

"हेच."

"तुमी मला गाऊनवर न्हेलं," काकू मला म्हणाली. "अख्ख्या गल्लीतनं. फुलाफुलाच्या. होस्टेलची पोरं उबी हुती. आता त्यानला जेवाया कसं वाढू? एक साडी गुंडाळाया काय झालं हुतं?"

मी म्हणालो, लुगडं बांधलं होतं.

"ते पोटाला! खुर्चीला! त्याला नेसनं म्हनत्यात का?"

"वैनी, जीव वाचला की," नणंद म्हणाली.

"त्ये बी इचारायचं हाय." काकूने मान माझ्याकडे वळवली. डोळे एकदम धूर्त झाले. "खालचा दुकानवाला येऊन गेला काल. त्यो म्हनतो, गेटातनं न्हेताना वन्संनी माझे पाय धरले हुते. खरं का?"

"मेला खोटं बोलतो," नणंद म्हणाली. मोसंब्याची साल तिने जरा जोरात सोलली. "म्या पदर धरला हुता. पदर. पाय त्यात हुते, तर त्याला मी काय करू?"

"तुमी गप बसा. मी ह्यानला इचारते. लगीन झाल्यापासनं दर सनाला म्या ह्यांच्या पाया पडले. दिवाळीला, संक्रातीला, नव्या लुगड्याला. कंबर गेली पडून पडून. त्यांनी कदी वाकून माझी चप्पल बी सरकवली न्हाई. आन् एकदा धरले तवा मी बेसुद." तिने दम घेतला, पण तो धाप लागून घेतलेला नव्हता, वकील घेतो तसा होता. "तुमी पेपरात हुते म्हनं. खरं तेच सांगा. धरले का न्हाई?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. 'नाही म्हणा' असं ती म्हणाली नाही. मोसंब्याची एक फोड सोलून तिने हातात तशीच धरून ठेवली.

"धरले होते," मी म्हणालो.

काकू उशांवर मागे टेकली.  मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"एका हातानं का दोनी?"

"दोन्ही," मी म्हणालो.